ड्राफ्टमध्ये शेवटचा शब्द कोचचा की जीएमचा?

अमेरिकन फुटबॉलच्या (एनएफएल) फँटसी लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदी टीम चालवायच्या खेळात, भागीदारीत डायनॅस्टी टीम (खेळाडू वर्षानुवर्षं ठेवता येणारी) घेतली की टीमच्या नावावरून भांडण होतं आणि मिटतं. खरं घोडं अडतं रूकी ड्राफ्टला, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडताना. रविवारी टीम लावणारा एक, तो कोच; शनिवारी दिवसभर कॉलेजच्या मॅचेस बघणारा दुसरा, तो जीएम (जनरल मॅनेजर, खेळाडू निवडणारा). मग घड्याळ सुरू झाल्यावर बटण कुणी दाबायचं? आमच्याकडे पहिला मी, दुसरा माझा मेहुणा. दोन्ही पद्धती वापरून झाल्यात, म्हणून सांगतो.

कोचची बाजू एनएफएलचा कोच बिल पार्सेल्सने कधीच मांडून ठेवलीय. १९९६ ला न्यू इंग्लंडच्या टीममध्ये त्याला बचावासाठी माणूस हवा होता. वरच्यांनी सातव्या नंबरवर टेरी ग्लेन हा रिसीव्हर (पास झेलणारा) घेतला. त्या मोसमात टीम सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत गेली, तरी पार्सेल्स सोडून गेला. स्वयंपाक मीच करायचा तर थोडी बाजारहाटही मला करू द्या, अशा अर्थाचं त्याचं बोलणं अजून लोकांच्या तोंडी आहे. ओट्याशी उभं राहणाऱ्या कुणालाही हे पटेल. त्याच टीमने २००० मध्ये नवा कोच बेलिचिकच्या हाती सगळ्या किल्ल्या दिल्या, त्याने पहिल्याच ड्राफ्टमध्ये १९९ व्या नंबरवर क्वार्टरबॅक (पास फेकणारा) टॉम ब्रेडी उचलला आणि पुढे सुपर बोलच्या सहा ट्रॉफ्या आल्या. यापुढे काय बोलणार!

बोलायचं तर २०१९ बद्दल बोलता येतं. पुढे गाजलेले डीबो सॅम्युअल, ए. जे. ब्राउन, डीके मेटकाफ हे तिघंही रिसीव्हर शिल्लक असताना बेलिचिकने ३२ व्या नंबरवर एन्कील हॅरी घेतला, आणि तो चालला नाही. 'नाही' म्हणू शकेल असा कुणी त्या खोलीत उरला नसावा, असं मला वाटतं. अर्थात मी काही त्या खोलीत नव्हतो.

माझ्यापुरतं उत्तर मात्र २०२० मध्ये मिळालं. तेव्हा शेवटचा शब्द माझा होता. आदल्या मोसमात आमच्याकडे धड रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) नव्हता, आणि दर रविवारी ती रिकामी जागा बघून माझा जीव जायचा. आमची पाळी आली. मेहुणा फोनवर होता. "दाजी, जेफरसन घ्या." मी म्हटलं, "अरे, पळणारा कुठंय आपल्याकडे?" "पळणारे मिळतात हो नंतर." माझं बोट तोवर क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर या रनिंग बॅकवर पडलं होतं. रिसीव्हर जस्टिन जेफरसनने पहिल्याच मोसमात १४०० यार्ड काढले, २०२२ मध्ये १८०९. जेफरसनची मॅच लागली की मेहुणा काही बोलत नाही, नुसता फरसाणाची वाटी माझ्याकडे सरकवतो.

निवड चुकली याचं एवढं काही नाही, ती कुणाचीही चुकते. टोचतं ते वेगळंच. टीम लावणाऱ्याच्या डोक्यात कायम मागच्या रविवारचं भोक असतं. ड्राफ्ट तीन वर्षांनंतरचा, आणि हा गेल्या डिसेंबरची भरपाई करत बसतो. पुढच्या दोन वर्षीही मी तेच केलं. एकदा टाइट एंड, एकदा परत रनिंग बॅक. सवय जातच नाही.

म्हणून मला बेलिचिकपेक्षा कोच अँडी रीडचं उदाहरण जवळचं वाटतं. फिलाडेल्फियात त्याचाच शब्द चालायचा. २०११ ला गार्डची (पुढच्या फळीतली) जागा भरायला पहिल्या फेरीत डॅनी वॉटकिन्स घेतला. वय २६, आधी अग्निशमन दलात काम केलेला. दोन मोसमांत विषय संपला. २०१३ पासून कॅन्सस सिटीत खेळाडू निवडायचं काम जीएमकडे गेलं. २०१७ मध्ये २७ व्या नंबरवरून दहाव्यावर चढून त्यांनी क्वार्टरबॅक महोम्स घेतला, आणि फिलाडेल्फियात एकदाही न मिळालेली सुपर बोल रीडने इथे तीनदा जिंकली. महोम्स हाताशी असला की कुठलीही पद्धत शहाणी दिसते, हेही खरं.

आणि जीएम काही देव नाही. त्याच २०२० मध्ये फिलाडेल्फियाच्या जीएमने २१ व्या नंबरवर जेलन रेगर घेतला; जेफरसन लगेच पुढच्या नंबरवर गेला. (हे मी मेहुण्याला बऱ्याचदा ऐकवतो.)

मालकाच्या हाती शेवटचा शब्द? डॅलसमध्ये जेरी जोन्स मालकही आणि जीएमही. २०१४ ला त्याला जॉनी मँझिएल हवा होता. मुलाने आणि इतरांनी समजूत घालून झॅक मार्टिन घ्यायला लावला, म्हणून निभावलं. आमच्या टीमचे पैसे बायको भरते, पण तिला यात रस नाही. बरंय.

तुमची लीग दरवर्षी नव्याने ड्राफ्ट करणारी असेल तर टीम लावणाऱ्यालाच ठरवू द्या. तिथे चालू मोसमापलीकडे काही नसतंच. डायनॅस्टी असेल तर मी शनिवारवाल्याकडे झुकेन. 'दोघं मिळून ठरवू' म्हणाल तर घड्याळ संपेपर्यंत दोघं फोनवरच असाल.

आमच्याकडे आता बटण मेहुणा दाबतो. वर्षातून एकदा 'हा नको' म्हणायचा हक्क तेवढा मी ठेवलाय. गेल्या वेळी त्याने निवडलेला पोरगा अजून आमच्या बाकावरच बसून आहे. "थांबा दाजी," म्हणतो. थांबलोय.