बुलिट: माल पुढे, वेग शाबूत

कोपनहेगनच्या लॅरी व्हर्सेस हॅरी कंपनीची बुलिट ही सायकल मालवाहू असूनही दोनचाकीच. पुढचं चाक 20 इंची, मागचं 26 इंची, मधल्या सखल फळीवर माल. वजन जमिनीलगत राहत असल्याने तोल सांभाळणं सोपं. हँडलपासून पुढच्या फोर्कपर्यंत, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यापर्यंत, लांब दांडा जातो. खरी मेख तिथेच. त्याच्या टोकांचे सांधे झिजले की हँडलला खेळ येतो, वेगात पुढचं चाक थरथरतं. सांधे हाताने हलवून बघा. नट सैल असेल तर आवळा, सांधाच झिजला असेल तर सरळ बदला. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आकाराच्या मानाने हलकी, पण लांबी जवळपास अडीच मीटर: जिन्याचं नावही काढू नका! जड खोकं फळीच्या मागच्या टोकाला, हँडलजवळ बांधा. पुढे सरकवलंत तर स्टीअरिंग जड होतं.