बलाने सुरुवात करावी की ऊर्जेने? मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रोस्टॅटिक्सची गणितं अडतात तेव्हा

या दोन धड्यांतलं गणित अडलं की विद्यार्थी बहुधा विचारतो, "इथे कुठलं सूत्र लावायचं?" सूत्रं त्याला पाठ असतात. ठरत नसतं ते एवढंच, की सुरुवात कुठून करायची. बलाच्या पद्धतीत वस्तूवरची सगळी बलं काढायची, न्यूटनचा दुसरा नियम लावायचा आणि त्वरणावरून पुढे जायचं. ऊर्जेच्या पद्धतीत मधलं सगळं सोडून सुरुवात आणि शेवट यांचा हिशेब मांडायचा. इलेक्ट्रोस्टॅटिक्समध्ये हीच जोडी विद्युत क्षेत्र (एकक प्रभारावरचं बल) आणि विद्युत विभव (एकक प्रभारामागची स्थितिज ऊर्जा) या नावांनी भेटते.

आधी सोपं उदाहरण. ३० अंशांच्या गुळगुळीत उतारावरून १.८ मीटर उंचीवरचा ठोकळा सोडला. गुरुत्व त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरू. बलाने गेलात तर उताराच्या दिशेने त्वरण ५ येतं, उताराची लांबी ३.६ मीटर, म्हणून वेळ १.२ सेकंद आणि तळाशी चाल ६ मीटर प्रति सेकंद. ऊर्जेने तीच ६ एका ओळीत येते, आणि वस्तुमान तर लागतच नाही. पण १.२ सेकंद ऊर्जेतून थेट मिळत नाहीत, आणि ठोकळ्यावरचं अभिलंब बल (उताराने त्याला काटकोनात दिलेला रेटा) तर कधीच मिळत नाही. आता तोच उतार वाकडातिकडा करा, उंची तेवढीच ठेवा. बलाच्या पद्धतीत जागोजागी त्वरण बदलतं आणि कागद भरत जातो. ऊर्जेचं उत्तर ६ चं ६ राहतं.

म्हणून आधी प्रश्नाची शेवटची ओळ वाचा. वेळ, त्वरण, दोरीतला ताण, बलाची दिशा विचारली असेल तर बल. दोन ठिकाणांमधला चालीचा फरक, चढलेली उंची, स्प्रिंग किती दबली असं विचारलं असेल तर ऊर्जा. घर्षण असलं तरी ऊर्जा चालते, फक्त घर्षणाने केलेलं कार्य वजा करायला विसरायचं नाही.

इलेक्ट्रोस्टॅटिक्समध्ये पारडं ऊर्जेकडे झुकतं. कारण असं की कूलॉम्बचं बल, म्हणजे दोन प्रभारांमधलं बल, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. प्रत्येकी २ मायक्रोकूलॉम्ब प्रभाराचे दोन छोटे गोळे ०.३ मीटर अंतरावर धरले आहेत. त्यांच्यातलं बल ०.४ न्यूटन. प्रत्येकाचं वस्तुमान ३० ग्रॅम. गुरुत्व आणि घर्षण बाजूला ठेवून दोघांना सोडलं, तर खूप दूर गेल्यावर त्यांची चाल किती? बरेच जण ०.४ ला ०.०३ ने भागून त्वरण काढतात आणि गतीच्या समीकरणात टाकतात. ती समीकरणं स्थिर त्वरणासाठी आहेत, आणि इथे गोळे जरा सरकले की त्वरण घटतं. ऊर्जेने बघा: जोडीची स्थितिज ऊर्जा ०.१२ ज्यूल, समान वस्तुमानामुळे प्रत्येकाच्या वाट्याला ०.०६, म्हणून चाल २ मीटर प्रति सेकंद. संपलं. इथली एकच गफलत म्हणजे ०.१२ ज्यूल ही ऊर्जा प्रत्येक गोळ्याची समजणं. ती जोडीची आहे. एक गोळा पक्का बसवला असता तर सगळी दुसऱ्याला मिळाली असती आणि त्याची चाल साधारण २.८ झाली असती.

पण असेच गोळे धाग्यांनी टांगून स्थिर ठेवले आणि धाग्याचा कोन विचारला, तर ऊर्जेच्या वाटेला जाऊ नका. समतोल म्हणजे बलांची बेरीज शून्य. गोळा ४० ग्रॅमचा, वजन ०.४ न्यूटन, आणि गोळ्यांमधलं अंतर पुन्हा ०.३ मीटर असेल तर आडवं बलही ०.४, धागा उभ्या रेषेशी ४५ अंश करणार. एक चांगली आकृती काढली की गणित तोंडी सुटतं.

खरा गोंधळ चिन्हांचा असतो. बल आणि क्षेत्र सदिश आहेत, म्हणजे त्यांना दिशा असते. तिथे प्रभाराचं फक्त मूल्य घ्या आणि दिशा आकृतीवरून ठरवा. ऋण चिन्हही टाकलंत आणि दिशाही उलटवलीत, तर दोनदा उलटून उत्तर पुन्हा चुकतं. विभव अदिश आहे, त्याला दिशा नसते. तिथे उलट, चिन्ह घातलंच पाहिजे, घटक पाडायची गरज नाही. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर वेगवेगळे प्रभार असले तर मध्यावरचा विभव साध्या बेरजेने निघतो. क्षेत्रासाठी मात्र चार बाण काढावे लागतात.

मात्र विभव शून्य म्हणजे क्षेत्र शून्य असं धरू नका. २ आणि उणे २ मायक्रोकूलॉम्ब ०.३ मीटर अंतरावर असतील तर मध्यबिंदूवर विभव शून्य, आणि क्षेत्र १६ लाख न्यूटन प्रति कूलॉम्ब! दोन्ही धन केले की क्षेत्र शून्य आणि विभव २ लाख ४० हजार व्होल्ट. एकाच बिंदूवरच्या विभवावरून क्षेत्र कळत नाही. विभव आजूबाजूला कसा बदलतो ते लागतं.

विभव आधी, मग क्षेत्र हा क्रम प्रभारित कड्याच्या अक्षासारख्या गणितात सोयीचा. गोल, लांब तार, अनंत पत्रा अशी सममिती असेल तर क्रम उलटा: गाउसच्या नियमाने (बंद पृष्ठभागातून जाणारं क्षेत्र आतल्या प्रभाराशी जोडणाऱ्या) क्षेत्र आधी काढा, विभव त्यावरून. समान प्रभारित पोकळ गोलाच्या आत क्षेत्र शून्य मिळतं, आणि विभव पृष्ठभागाइतकाच स्थिर राहतो. हे एकदा नीट पटलं की अर्धा धडा सोपा होतो.

काही गणितांत निवड करायचीच नसते. गुळगुळीत उभ्या वर्तुळाकार रुळावरून गोळी किती उंचीवरून सोडली तर माथ्यावर सुटणार नाही, हे नेहमीचं उदाहरण घ्या. माथ्यावर किमान किती चाल हवी ते बल सांगतं, आणि तेवढ्या चालीसाठी उंची किती लागते ते ऊर्जा. दोन्ही जोडल्यावर त्रिज्येच्या अडीच पट उंची येते (गोळी घरंगळत नाही, घसरते असं धरून).

टकरीत मात्र ही दोन्ही हत्यारं आधी खाली ठेवा आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) घ्या. ४ मीटर प्रति सेकंदाने आलेला १ किलोचा ठोकळा तेवढ्याच वजनाच्या स्थिर ठोकळ्याला चिकटला, तर चाल २ होते आणि ८ ज्यूलपैकी ४ उरतात. इथे ऊर्जेची अक्षय्यता लावणारा विद्यार्थी आत्मविश्वासाने २.८ लिहितो.

कोणाला विचारायला जाल तेव्हा आकृती, दिलेल्या राशी आणि निवडलेली पद्धत कागदावर असू द्या, आणि प्रश्न असा करा: "मी ऊर्जेने गेलो, इथवर आलो, पुढे का अडलो?" पूर्ण उत्तर लिहून देणाऱ्यापेक्षा यावर "तुला विचारलंय काय, वेळ ना?" असं उलट विचारणारा माणूस जास्त उपयोगी.