हनुवटीच्या ऑपरेशननंतर घरी 808 चा लेझर वापरला, 7 महिन्यांचा अनुभव

ऑपरेशनला 7 महिने झाले आणि मशीन वापरायला लागून साधारण साडेसहा, त्यामुळे आता लिहितेय. मी नेरूळला राहते. हनुवटी लहानपणापासून आत होती म्हणून जेनिओप्लास्टी केली, म्हणजे तोंडाच्या आतून, खालच्या ओठामागे चीर देऊन हनुवटीचं हाड आडवं कापतात, पुढे सरकवतात आणि टायटॅनियमची प्लेट न स्क्रू लावून बसवतात. माझी 6 मिमी पुढे आली, बाहेरून एक टाका दिसत नाही.

पहिले 2 आठवडे पेज, गाळलेलं वरण आणि ताक. सूज उतरली पण खालचा ओठ आणि हनुवटी लाकडासारखी बधीर. ओठाला जाणारी नस हाडातल्या एका छिद्रातून बाहेर येते आणि कट तिच्या जरा खालूनच जातो, नस कापली गेली नाही तरी ओढली जाते, त्यामुळे हे होतं. चहा ओघळून ड्रेसवर पडायचा आणि आई सांगेपर्यंत मला कळायचंच नाही. त्या दिवसांत मी खूप रडले.

मग हे त्वचेवरून लेझरचा प्रकाश द्यायचं मशीन घेतलं, 808 नॅनोमीटर तरंगलांबीचं (म्हणून 808), 200 मिलीवॅट, हातात धरायचं, 18,000 रुपये. दुकानदार म्हणाला हाड निम्म्या वेळात जुळेल. सर्जननी स्पष्ट सांगितलं, बधीरपणासाठी लावायचं तर लावा, हाडाचं मात्र याच्या भरवशावर सोडू नका, 6 आठवडे कडक काही चावायचं नाही म्हणजे नाही. प्राण्यांवरच्या बऱ्याच प्रयोगांत हाड लवकर भरलेलं दिसलंय पण माणसांवरचे निकाल एकसारखे नाहीत, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही याचा मला खरंच राग आहे.

फिजिओथेरपिस्टनी 6 जागा आखून दिल्या, प्रत्येकी 30 सेकंद. 200 मिलीवॅट गुणिले 30 सेकंद म्हणजे प्रत्येक जागी 6 ज्यूल ऊर्जा, एवढंच गणित. लवकर बरं व्हावं म्हणून मी एक आठवडा दुप्पट वेळ लावलं तर त्यांनी थांबवलं, कारण यात डोस जास्त झाला की फायदा वाढत नाही, उलट कमी होऊ शकतो.

आता डोळ्यांचं, हे नीट वाचा प्लीज. 808 चा प्रकाश डोळ्यांना जवळपास दिसतच नाही, म्हणून पापणी आपोआप मिटत नाही आणि सगळा प्रकाश डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जाऊन पडतो. मशीनबरोबर आलेला चष्मा साधा काळा गॉगल निघाला, त्याच्यावर तरंगलांबी छापलेलीच नव्हती. मी तो परत केला आणि 808 आणि ओडी (काच किती प्रकाश अडवते त्याचा आकडा) दोन्ही छापलेला वेगळा घेतला. घरात लहान मूल असेल तर दार लावूनच वापरा.

एकदा तो चष्मा घालून मशीन कोऱ्या कागदावर धरलं आणि भावाच्या जुन्या मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर कागदावर जांभळट, लांबुळका ठिपका दिसला, गोल नाही. आत प्रकाश तयार करणारी लेझर डायोडची चिपच तशी असते, मोहरीच्या दाण्याहून लहान, तिच्यातून प्रकाश एका दिशेला जास्त पसरत बाहेर पडतो आणि पुढची लेन्स त्याला आवरते. 1960 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ मेमननी पहिला लेझर केला तेव्हा माणकाची कांडी आणि फ्लॅशचा दिवा लागला होता, आणि 1967 मध्ये बुडापेस्टला डॉक्टर मेस्टरना माणकाच्याच लेझरखाली उंदरांचे भादरलेले केस लवकर उगवताना दिसले, तिथून ही उपचारपद्धत सुरू झाली. आज तेच माझ्या हातात मावतंय याचं मला मनापासून अप्रूप आहे.

तिसऱ्या महिन्यात तोच ठिपका धुरकट दिसायला लागला. मी हनुवटीला क्रीम लावून लगेच मशीन टेकवायचे, त्याचा थर काचेवर बसला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापडावर हळूच पुसलं आणि ठिपका पुन्हा स्वच्छ. तेव्हापासून आधी चेहरा धुते. मे महिन्यात दुपारी मशीन तापून मधेच बंद पडायचं, गरम झाला की डायोडचा पॉवर उतरतो, म्हणून सकाळी अंघोळीआधी लावायला लागले.

हाडाचं म्हणाल तर 6 आठवड्यांच्या ओपीजीत (जबड्याचा पूर्ण एक्स-रे) कापाची काळी रेघ स्पष्ट होती, 6 महिन्यांच्या फोटोत ती शोधावी लागली. सर्जन म्हणाले हे असंच, वेळेवर भरलंय. लवकर भरलं असं मी म्हणू शकत नाही, आणि मशीन लावलं नसतं तर उशीर झाला असता असंही नाही. बधीरपणा मात्र उजवीकडे अडीच महिन्यांत गेला, आधी मुंग्या, मग एका सकाळी कपाची गरम कड ओठाला लागली आणि मी तशीच थांबून राहिले, आईला हाक मारली. पण डाव्या बाजूला मी लेझर जास्त दिवस दिलाय आणि तीच मागे आहे, त्यामुळे सगळं श्रेय मशीनला देववत नाही. लावल्यावर ताण आणि ठणका कमी व्हायचा, तेवढं नक्की.

डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा अजून बधीर आहे. तिथे आठवड्यातून 3 वेळा लावते, पुढचं दाखवायला डिसेंबरमध्ये जायचंय.