पणजीतील इम्युनोथेरपी डे-केअर सेवेविषयी अभिप्राय
माझ्या वडिलांच्या फुप्फुसाच्या कर्करोगावर पणजीतील एका खासगी रुग्णालयात पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे औषध सुरू असून त्यासाठी आम्ही म्हापशाहून येतो. टी-पेशी या रोगप्रतिकारक पांढऱ्या रक्तपेशीवरील पीडी-१ या प्रथिनाला कर्कपेशीवरील पीडी-एल१ हे प्रथिन जोडले गेले की टी-पेशी थंडावते, आणि हे औषध पीडी-१ अडवून तिला पुन्हा कामाला लावते, हे तेथील डॉक्टरांनी बाबांना कागदावर आकृती काढून समजावले. दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम औषध सलाइनमधून अर्ध्या तासात दिले जाते. चेतवलेल्या पेशी निरोगी अवयवांवरही उलटू शकतात, म्हणून थायरॉईडची तपासणी नियमित होते. जुलाब लागले किंवा धाप लागली तर लगेच कळवा, असे परिचारिका न चुकता बजावतात. खर्चाचा लेखी अंदाज मात्र आधी मिळाला नाही, आणि इतक्या महागड्या औषधाच्या बाबतीत ही उणीव मला गंभीर वाटते.