‘तुमच्याच जीपचं इंजिन सापडलंय’

आमच्या घरी आजोबांची जीप आहे. १९४४ ची विलीज एमबी, म्हणजे महायुद्धातली अमेरिकन लष्करी जीप, युद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतलेली. १९८० नंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा वडिलांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. त्या काळी आमच्या भागात बहुतेकांनी तेच केलं. मूळचं इंजिन भंगारवाल्यानं किलोवर नेलं. आरसी बुकात त्याचा नंबर तांबड्या शाईनं खोडलाय आणि खाली डिझेलचा लिहिलाय, एवढीच त्याची आठवण उरली होती.

२०२१ मध्ये ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आली. गाडी मूळ रूपात हवी, ही तिची अट. मग माझ्या डोक्यात पेट्रोल इंजिनाचं खूळ शिरलं. एका मित्राकडून एका स्पेअरवाल्याचा नंबर मिळाला. माणूस बोलायला गोड. किंमत वगैरे नंतर, आधी म्हणाला, “साहेब, आरसीचा फोटो टाका, तुमच्या सिरीजचं काही मिळतं का बघतो.” मी तांबड्या शाईचं तेच पान पाठवलं.

आठ दिवसांनी त्याचा फोटो आला. ब्लॉकची, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडाची, उजवी बाजू, पुढं ऑइल फिल्टरजवळची सपाट जागा, आणि त्यावर ठोकलेला नंबर. आरसीतला, आकड्याला आकडा तोच. खाली लिहिलं होतं, “देवाची करणी म्हणा, तुमच्याच जीपचं इंजिन सापडलंय.”

वडिलांनी चष्मा लावून फोटो दोन बोटांनी मोठा केला, एकेक आकडा पुटपुटत आरसीशी ताडून बघितला आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडले, “अगं, इंजिन सापडलं!” त्यानंतर घासाघीस कोण करणार? ₹९५,००० ठरले. ₹४०,००० लगेच, बाकीचे माल ट्रान्सपोर्टला टाकायच्या आधी. पैसे मीच पाठवले, कुणी जबरदस्ती केली नव्हती.

ब्लॉक थेट कोल्हापूरला, उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये उतरवला. रिबोअर, व्हॉल्व्ह सीट, क्रँक ग्राइंडिंग, सगळं तिथंच करायचं होतं. मिस्त्रींनी तो आधी साफ करायला कॉस्टिकच्या टाकीत बुडवला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, “पाव्हणं, जरा येऊन जावा.”

टाकीतून निघालेल्या ब्लॉकचा रेड ऑक्साइडचा रंग उतरला होता. नंबराची जागा आजूबाजूच्या बिडापेक्षा बारीकशी खाली बसलेली, आणि तिच्यावर ग्राइंडरचे तिरपे ओरखडे. मिस्त्रींनी बॅटरी आडवी धरली. आकड्यांच्या खाचा आत चकाकत होत्या. “ऐंशी वर्सांचा आकडा आसता तर खाचंत गंज बसला आसता. ह्यो म्हैन्या-दोन म्हैन्यातला हाय.”

मी तरीही वाद घातला. कुणीतरी साफ केला असेल, पुन्हा उठवला असेल, वगैरे. मग त्यांनी ब्लॉकच्या अंगावर उठून दिसणारा मोठा आकडा पुसून दाखवला. ६४१०८७. “ठोकल्याला आकडा कुणीबी ठोकतंय. ओतल्याला आकडा साच्यातनं येतो, त्यो कसा बदलणार?” फाउंड्रीच्या गावातला माणूस, त्याला हे शिकवावं लागत नाही.

घरी येऊन मी जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. युद्धकाळातल्या विलीज ब्लॉकवर ६३८६३२ ओतलेला असतो, आणि त्यात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, टायमिंग चेनवर फिरतो. युद्ध संपल्यावर, १९४६ च्या सुमारास, चेन जाऊन गिअर आले. ६४१०८७ हा त्या गिअरवाल्यांचा ब्लॉक. त्याच्या पुढच्या तोंडाला कॅमशाफ्ट पुढं-मागं सरकू न देणारी थ्रस्ट प्लेट बसवायला आटे पाडलेली दोन भोकं असतात. चेनवाल्यात ती लागतच नाहीत, तिथं कव्हरमधला स्प्रिंगचा प्लंजर कॅमला रेटून धरतो. मिस्त्रींना फोन करून बघायला सांगितलं. दोन भोकं होती. म्हणजे आमची जीप कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा हा ब्लॉक ओतलाही नव्हता.

६३८६३२ दिसला म्हणून लगेच एमबी समजू नका बरं. युद्धानंतरच्या सुरुवातीच्या सिव्हिलियन जीपांतही तो आहे. आणि जुन्या लष्करी गाडीत पुढं कधीतरी ६४१०८७ बदली म्हणून आलेला असू शकतो, त्यात गैर काही नाही. पण त्याच्यावर १९४४ चा मूळ नंबर असणं, हे मात्र कुणाच्या तरी हातोडीचं काम.

बाकीचंही धड नव्हतं. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७९.३७५ मिमी, हा आधीच साठ थाऊ (इंचाचे साठ हजारांश) मोठा केलेला, म्हणजे जवळपास ८०.९. आता सिलिंडरमध्ये लायनर, म्हणजे नवी नळी, बसवल्याशिवाय गत्यंतर नाही. शिवाय एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत तडा. पण तड्याचं एवढं वाटलं नाही. खोट्या नंबरचं इंजिन मी स्वतःच्या सहीनं आरटीओसमोर नेणार होतो, ते जास्त लागलं. घासलेला नंबर फॉरेन्सिकवाले ॲसिड लावून वर आणतात. माझ्या या ठोकलेल्या आकड्यांखाली कुणाचा नंबर आहे, कुणास ठाऊक.

स्पेअरवाल्यानं आधी “टाकीत घातल्यावर परत घेत नाही” म्हटलं, मग फोन उचलणं बंद केलं. पोलिसांत लेखी तक्रार दिलीय. ब्लॉक मिस्त्रींकडं कोपऱ्यात झाकून ठेवलाय, त्याला हात लावायचा नाही असं सांगितलंय.

आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, की आपला नंबर आधी देऊ नका, त्याचा आधी मागा. ओतीव आकड्याचा आणि टायमिंगच्या बाजूचा फोटो मागा, नंबराची जागा रंग खरवडून दाखवायला सांगा, आणि ओतीव आकडा बिलावर लिहून घ्या. उरलेले पैसे मशीन शॉपनं बघितल्यावर द्या. यावर तो रागावला तर रागावू दे.

सांगलीच्या माझ्या एका मित्राला हे पटेना. योगायोग असेल म्हणाला. त्यानं स्वतःच्या जीपच्या आरसीचा फोटो त्याच माणसाला पाठवला, फक्त इंजिन नंबरातला शेवटचा ४ मोबाइलवर खोडून तिथं ९ केला. अकराव्या दिवशी त्याच्या जीपचंही इंजिन सापडलं. शेवटी ९.