बाल्कनीतला आयरिस : जून ते एप्रिलचा अनुभव (आधी एक तारा, आता तीन)

कंद कुजल्याची तक्रार केली, तर ऑनलाइन विक्रेत्याचं उत्तर आलं, "जिवंत मालाला परतावा नाही." मेलेल्या मालाचे पैसे मागत होते मी!

बिअर्डेड आयरिस, म्हणजे पाकळीवर दाढीसारखी लव असलेलं फुलझाड. त्याच्या कंदांचा संच होता, सोबत कुंड्या, आणि ताटल्यांचे पैसे वेगळे. पार्सल आलं ऐन मिरगात. आल्याच्या गड्ड्यासारखा हा कंद. त्याची पाठ मातीबाहेर ठेवायची, दिवसाला सहा तास ऊन द्यायचं आणि पाणी अजिबात साचू द्यायचं नाही. बेळगावच्या टिळकवाडीत जून-जुलैत ऊन आणायचं कुठनं? थंड देशांत हे कंद उन्हाळा सरता सरता लावतात. विकणाऱ्यानं आपल्याकडचा पाऊस तरी बघायचा.

पण खरा राग त्या ताटलीवर. आत उंचवटा म्हणून नाही, तळ साफ सपाट. कुंडीचं बूड तिला घट्ट चिकटतं, भोकं बंद, आणि काठ चांगला उंच असल्यानं पाणी तिथंच. ताटली काढली तर खालच्या मजल्यावरनं हाक, "वहिनी, पाणी पडूलंय की चादरीवर!" ठेवली तर कंदाचे पाय कायम पाण्यात. एक दिवस पानं ओढली तर अख्खा झुबका अलगद हातात आला. कंदावर बोट टेकवलं तर ते आतच गेलं. वास तर विचारूच नका. कुंडी उचलून धरायला हाच विक्रेता प्लास्टिकचे 'पाय' विकतो, वेगळ्या पैशांत! फरशीच्या दुकानाबाहेर पडलेले तुकडे आणून बुडाखाली ठेवले, काम झालं. फुकट.

एक कंद वाचला. पानं झकास, फूल नाही. आपण बेळगावात स्वेटर घालून फिरलो तरी याला लागते तशी कडक, लांब थंडी इथं पडत नाही. इथवर मी एकच तारा देणार होते.

मग खानापूर रोडच्या नर्सरीत वॉकिंग आयरिस मिळालं, त्या ताटलीच्या किमतीत! खरं तर हे आयरिसचं भाऊबंद, मूळचं ब्राझीलकडचं, त्यामुळे थंडीची मागणी नाही आणि सकाळचं कोवळं ऊन पुरतं. तेलाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, लाल माती, शेणखत, जाड वाळू भरली. युरिया नको, नुसती पानं माजतात. मार्चमध्ये पहिलं फूल आलं. बाहेर तीन पांढऱ्या पाकळ्या, मधल्या निळ्या आणि आत वळलेल्या, देठाशी तपकिरी पट्टे. संध्याकाळपर्यंत मिटलंसुद्धा. एका दिवसाचं फूल म्हणून हिरमुसले, तर थोड्या दिवसांनी त्याच दांड्यावर दुसरं. फुलं संपली की दांड्याच्या टोकाला पिल्लू धरतं आणि दांडा वजनानं वाकतो. ते टोक शेजारच्या डब्यातल्या मातीवर टेकवून केसांच्या आकड्यानं दाबलं, मुळं धरली. म्हणजे पुढचं रोप फुकटच.

नवशिक्यांनी हेच घ्यावं. बिअर्डेड घ्यायचंच असेल तर पाऊस सरल्यावर मागवा, आणि ताटलीचा पर्याय आधी काढून टाका, कार्टात तो आपोआप चढतो.