टॉप नवा शिवावा की असलेला बदलून घ्यावा? घरी शिवणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

घरात शिलाई मशीन आहे, सरळ टीप मारता येते आणि नव्या धाटणीचा एखादा टॉप हवा आहे, अशा वेळी दोन मार्ग समोर असतात. कापड आणून टॉप मुळापासून बेतून शिवायचा, किंवा तयार टॉप उसवून, कापून हवा तसा करून घ्यायचा. सर्वसाधारण समजूत अशी आहे की दुसरा मार्ग सोपा असल्यामुळे नवशिक्याने आधी तो धरावा. मला ही समजूत अर्धीच खरी वाटते. बाजूची शिवण आत घेणे किंवा लांबी कमी करणे सोपे आहेच. पण तयार टॉपचा खांदा अरुंद करणे हे काम बिनबाह्यांचा साधा टॉप नव्याने शिवण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. म्हणून टॉपमध्ये दोष नेमका कोठे आहे, कापड कोणते आहे आणि हवी असलेली फॅशन कापड वाढवून मागते की कमी करून, हे तीन प्रश्न आधी सोडवावेत. त्यानंतर निवड करणे फारसे कठीण राहत नाही.

आधी खांदा पाहावा

टॉप अंगात घालून आरशासमोर उभे राहावे आणि कमरेकडे किंवा घेराकडे न पाहता आधी खांद्याची शिवण पाहावी. ती खांद्याच्या हाडाच्या टोकाशी संपत असेल आणि गळा मानेभोवती सपाट बसत असेल, तर तो टॉप बदलण्याजोगा आहे, कारण खालची रुंदी, लांबी, बाहीची लांबी हे सारे नंतर हाताळता येते. शिवण दंडावर उतरत असेल, तर प्रश्न गंभीर आहे. खांदा ही गळा, मुंढा (बाही जोडण्याची गोलाई) आणि बाही यांना जोडणारी जागा आहे. ती एक इंच आत घ्यायची तर बाही पूर्ण उसवावी लागते, मुंढा नव्याने कापावा लागतो, आणि बाहीचा वरचा गोलाकार भाग जुन्या मुंढ्याच्या मापाचा असल्यामुळे तो नव्या मुंढ्याशी जुळत नाही. अशा टॉपची बाही काढून टाकून तो बिनबाह्यांचा करणे एवढाच सोयीचा उपाय उरतो. जाणूनबुजून उतरत्या खांद्याचा शिवलेला टॉप मात्र या कसोटीला अपवाद आहे. तेथे केवळ गळा आणि छाती पाहावी.

टॉप सैल आहे की घट्ट, यानेही निर्णय बदलतो. सैल टॉप आत घेता येतो, पण घट्ट टॉप मोकळा करण्यासाठी शिवणीत माया, म्हणजे टिपेच्या बाहेर ठेवलेले जादा कापड, शिल्लक असावी लागते. ओव्हरलॉक केलेल्या, म्हणजे कडेला दोऱ्यांचा वेढा घालून शिवलेल्या, तयार टॉपमध्ये ती बहुधा 6 मिलिमीटर ते 1 सेंटिमीटर एवढीच असते, म्हणजे सोडायला काहीच नसते. दोन्ही बाजूंना पट्टी जोडून घेर वाढवता येतो आणि पट्टी वेगळ्या रंगाची, विचारपूर्वक निवडलेली असेल तर ती मूळ रचनेचाच भाग वाटते. तरीही छातीवर ताण पडून मुंढ्यापाशी झोळ येत असेल, तर बाजूची पट्टी तो दोष दूर करत नाही. तेथे कापड रुंदीबरोबर लांबीतही कमी पडलेले असते.

नव्याने शिवण्याचा सर्वांत मोठा लाभ मला येथेच दिसतो. तयार पेपर पॅटर्नमध्ये, म्हणजे कापड बेतण्याच्या कागदी साच्यात, साधारणतः 1.5 सेंटिमीटर माया धरलेली असते आणि बाजूच्या शिवणीला ती एक इंचापर्यंत वाढवायला कोणाचीही हरकत नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काखेतून छातीच्या वर घेतलेले माप आणि छातीच्या पूर्ण उभारावर घेतलेले माप यांत सुमारे 2 इंचांचा फरक असेल असे धरून अनेक पॅटर्न आखलेले असतात. आपला फरक त्याहून जास्त असेल तर पूर्ण छातीच्या मापाने पॅटर्न निवडल्यावर खांदा आणि गळा मोठा होतो. योग्य रीत अशी की वरच्या मापाने साइज निवडावा आणि पुढच्या भागाचा पॅटर्न कापून, पसरवून केवळ छातीपाशी वाढवून घ्यावा. तयार टॉप एकाच प्रमाणावर बेतलेला असतो. त्यात ही वाढ मागाहून घालता येत नाही. ज्यांना दुकानातले टॉप नेहमी छातीत घट्ट आणि खांद्यात मोठे होतात, त्यांनी बदलण्यात वेळ न घालवता शिवायला शिकावे, असे मी आग्रहाने सांगेन.

कापडाचा स्वभाव

नव्याने शिवताना पहिले कापड मध्यम जाडीचे साधे सुती असावे. ते सरकत नाही, इस्त्रीची घडी धरते आणि उसवल्यावर सुईची भोके धुण्यात बहुतेक बुजतात. शिफॉन, सॅटिन, पातळ क्रेप ही कापडे बेततानाच हातातून निसटतात. सॅटिनमध्ये तर एकदा पडलेले भोक दिसत राहते. बदलण्याच्या कामात मात्र सुती विणीचा टॉप अडचणीचा ठरू शकतो. खालची दुमड उसवून लांबी वाढवायला गेल्यास जुन्या घडीची रेघ राहते आणि आतले कापड उन्हापाण्याने विटलेले नसल्यामुळे गडद दिसते. लांबी कमी करताना ही अडचण येत नाही.

ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडाच्या बाबतीत हिशेब उलटा होतो. असे कापड सपाट ठेवून अचूक बेतणे नवशिक्याला जड जाते. पण तयार टी-शर्ट बदलणे सोपे असते, कारण कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत. कड थोडी गुंडाळली जाते, एवढेच. लांबी कमी करताना खालून कापलेली पट्टी टाकून देऊ नये. नव्या गळ्याला लावायला तीच उपयोगी पडते. ही पट्टी गळ्याच्या परिघाच्या 80 ते 85 टक्के लांबीची ठेवून, शिवताना गळ्याच्या मापापर्यंत ताणत नेली, की गळा अंगाला चिकटून बसतो. परिघाएवढीच ठेवली तर तो बाहेर उघडा पडतो.

होजिअरीचे दोन नियम दोन्ही मार्गांना सारखेच लागू आहेत. सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, असावी, कारण साधी टोकदार सुई विणीचा धागा तोडते आणि काही धुण्यांनंतर शिवणीलगत बारीक छिद्रे दिसू लागतात. टीप सरळ न ठेवता अरुंद झिगझॅग ठेवावी; 1 मिलिमीटर रुंदी आणि 2.5 मिलिमीटर लांबी बऱ्याचदा पुरते. सरळ टिपेचा गळा डोक्यातून घालताना ताणला जातो आणि दोरा तुटतो.

आटण्याचा मुद्दा सहज नजरेआड होतो. नवे सुती कापड बेतण्यापूर्वी, पुढे टॉप जसा धुणार तसेच धुऊन घ्यावे लागते. नाहीतर पहिल्याच धुण्यात मेहनत आखूड होते. अनेकदा धुतलेला टॉप जे आटायचे ते आटून मोकळा झालेला असतो, तो खेचला कोठे जातो आणि रंग सोडतो का, हेही कळलेले असते. बदलण्याची ही एक शांत, पण मोठी सोय आहे. त्याच कारणाने, नवा कोरा सुती टॉप एकदाही न धुता आत घेऊ नये.

फॅशन काय मागते

माझा अनुभव असा की कापड वजा करणारी फॅशन बदलण्याने साधते आणि कापड अधिक मागणारी फॅशन शिवण्यानेच साधते. टॉप कमरेपर्यंत आखूड करून खाली इलॅस्टिक घालणे, लांब बाहीची तोकडी करणे, गोल गळ्याचा चौकोनी करणे ही वजाबाकीची कामे आहेत. चौकोनी गळ्यात एकच अट पाळायची, ती म्हणजे नवा गळा सर्व बाजूंनी जुन्या गळ्याच्या बाहेर पडला पाहिजे; गळा खाली नेता येतो, वर नेता येत नाही. उलट फुगा बाही साध्या बाहीतून निघत नाही, कारण चुण्यांना लागणारे कापड तेथे नसतेच. पुढे एकावर एक पल्ले येणाऱ्या टॉपला प्रत्येक पल्ला मध्यरेषेच्या बराच पुढे जाणारा हवा. तोही नव्याने बेतावा लागतो. कमरेखाली झालर असलेला टॉप दोन्ही मार्गांच्या मध्ये पडतो. वरचा भाग जुन्या टॉपचा ठेवून झालर नव्या कापडाची जोडता येते, मात्र होजिअरीला ताण नसलेली झालर जोडली तर कंबर डोक्यातून किंवा खांद्यांवरून उतरेल की नाही, हे आधी मापून पाहावे.

वेळ आणि चुकीची किंमत

साध्या टॉपला 110 सेंटिमीटर पन्ह्याचे दीड ते दोन मीटर कापड लागते आणि पहिला टॉप शिवायला दोन-तीन बैठका द्याव्या लागतात, त्यातला जवळपास अर्धा वेळ मशीनवर बसण्यापूर्वीच जातो. पॅटर्न कापणे, उभा धागा (कापडाच्या लांबीतला धागा) साधून कापड मांडणे, खुणा करणे, गळ्याच्या आतल्या पट्टीला फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारे अस्तर) चिकटवणे ही कामे उरकता येत नाहीत. उभा धागा तिरका गेला तर नीट शिवलेला टॉपही अंगावर पिळवटतो. बाजू आत घेणे मात्र एका तासात होते. त्यासाठी जुनी शिवण उसवण्याचीही गरज नसते. आतून नवी टीप मारून जादा कापड कापले आणि कड झिगझॅगने बांधली की पुरे. ओव्हरलॉक उसवायचेच असेल तर एकेक टाका कापत बसू नये. सुईचा सरळ दोरा जागोजागी कापून ओढून काढला की वेढा घालणारे दोरे आपोआप सुटतात.

वेळेत बदलण्याची बाजू वरचढ आहे, पण चुकीच्या बाबतीत नाही. नव्याने शिवताना आधी जुन्या चादरीचा कच्चा नमुना शिवून पाहता येतो. कागदही पुन्हा कापता येतो. तयार टॉपला लावलेली कात्री परत घेता येत नाही. एका आवडत्या टॉपचा गळा मी हव्या त्या रेषेवरच कापला, मायेचा विचार केला नाही, आणि शिवून होईपर्यंत गळा अर्धा इंच खाली जाऊन खांदे घसरू लागले. आतून पट्टी लावायची असेल तर हवी ती रेषा आखून, माया धरून तिच्या आतल्या बाजूने, म्हणजे मानेकडे, कापावे. कडेवर उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीची पायपिंग गुंडाळायची असेल तरच रेषेवर कापावे. बाजू आत घेतानाही 4 ते 5 मिलिमीटरची लांब, कच्ची टीप मारून टॉप घालावा, हात वर करावेत, खाली बसून पाहावे आणि मगच पक्की टीप मारून कापड कापावे.

पैशांच्या बाजूने पाहता पहिले दोन-तीन टॉप शिवणे स्वस्त पडेलच असे मी सांगणार नाही. कापड, फ्यूजिंग, सुया आणि बिघडलेला एखादा प्रयत्न हे सारे त्यात धरावे लागते. बदलण्यात आधीच घरात असलेली वस्तू वापरात येते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

निवड करताना

ज्यांच्याकडे खांद्यात बरोबर बसणारे, पण सैल किंवा लांब टॉप आहेत, त्यांनी बदलण्यापासून सुरुवात करावी. ज्यांचे खांदे आणि छाती यांचे प्रमाण तयार मापांत बसत नाही, किंवा ज्यांना फुगा बाही, पल्ल्यांचा टॉप, चुण्यांचा योक (खांद्यालगत वेगळा जोडलेला भाग) हवा आहे, त्यांनी सुती कापडावर बिनबाह्यांच्या टॉपने शिवायला लागावे. बाही दुसऱ्या टॉपला लावावी. दोघांनीही एक काम मात्र आधी करावे. सर्वांत नीट बसणारा टॉप न उसवता कागदावर सपाट पसरावा, शिवणींवर टाचण्या टोचून त्याचा आकार कागदावर उतरवावा आणि भोवती माया वाढवून कापावा. टॉप बदलण्यासाठी एकदा कापला गेला की त्याचा मूळ आकार हाती राहत नाही, म्हणून हे कात्री लावण्यापूर्वीच व्हायला हवे. कापड ताणले जाणारे होते की साध्या विणीचे, हे त्या कागदावर ठळक लिहून ठेवावे, कारण होजिअरीच्या अंगालगत टॉपवरून काढलेला पॅटर्न तसाच सुती कापडावर बेतला, तर तो टॉप डोक्यातून खालीच येत नाही.